जुन्नर-आंबेगावची वनसफर : अल्पखर्चाचे नियोजन

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर आणि नारायणगाव हे दोन मोठे थांबे आहेत. मंचरहून पश्चिमेकडे वळले म्हणजे घोडेगाव, डिंभे आणि पुढे भीमाशंकरचे अरण्य लागते. नारायणगावहून वळले म्हणजे जुन्नर, शिवनेरी, लेण्याद्री आणि त्यापलीकडे नाणेघाट. सुटीच्या दिवशी या दोन्ही फाट्यांवरून मोटारींची रीघ लागते. तथापि यांतील बहुतेक प्रवासी सकाळी येतात, देवदर्शन उरकतात, धबधब्यापाशी छायाचित्रे काढतात, बरोबर आणलेला डबा संपवितात आणि दिवेलागणीपूर्वी परतीचा रस्ता धरतात. त्यांचा मुख्य खर्च इंधनावर आणि महामार्गावरील उपाहारगृहांत होतो. डोंगराच्या कुशीतील गावाकडे मागे राहते ते कागद, प्लॅस्टिक आणि उरलेसुरले अन्न.

जुन्नर तालुका २०१८ मध्ये राज्य शासनाने विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. शेजारच्या आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग भीमाशंकर अभयारण्याला लागून आहे. या दोन तालुक्यांत मध्यमवर्गीय कुटुंबाला, शाळेच्या सहलीला किंवा पायी हिंडणाऱ्या तरुणांना तीन-चार दिवसांची वनसफर बेताच्या खर्चात करता येते. मात्र तिचे नियोजन दोन बाजूंनी करावे लागते. प्रवाशाचा पैसा वाचला पाहिजे आणि त्याने जो खर्च केला तो गावात राहिला पाहिजे. तिसरीही एक बाजू आहे आणि ती सर्वांत नाजूक आहे. या भागातील शेतकऱ्याच्या उसात बिबट्या राहतो. पर्यटकाच्या हौसेपायी त्या शेतकऱ्याच्या जिवाचा धोका वाढता कामा नये.

सफर आणि सफारी

‘सफारी’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आला असला तरी तो मुळात पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला आहे आणि तेथे त्याचा अर्थ केवळ ‘प्रवास’ असा होतो. स्वाहिलीने तो अरबीतून घेतला. मराठीतील ‘सफर’ हा शब्दही त्याच अरबी मुळापासून आलेला आहे. युरोपीय शिकाऱ्यांनी सफारीला शिकारीच्या मोहिमेचा अर्थ दिला. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातल्यानंतर तेथे बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, आणि उघड्या टपाच्या मोटारीत बसून जनावर शोधणे म्हणजे सफारी, हा अर्थ जगभर रूढ झाला.

हा प्रकार खर्चिक असतो. केनियातील मसाई मारा येथे २०२४ पासून जुलै ते डिसेंबर या हंगामात परदेशी प्रवाशाला एका दिवसाच्या प्रवेशासाठीच २०० डॉलर मोजावे लागू लागले. मोटार, वाहक आणि तंबूतील मुक्काम हे सारे त्यावर वेगळे. तरीही बेताच्या ऐपतीची माणसे आफ्रिका पाहून येतात. त्यांची पद्धत ठरलेली असते. ती गर्दीचा हंगाम टाळतात, वाहन आणि वाटाड्या अनेकांत वाटून घेतात, स्थानिक बसने फिरतात आणि थोड्या दिवसांत सारे खंड पालथे घालण्याऐवजी एकाच भागात अधिक दिवस काढतात. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून गावसमूहांना आपल्या भूमीवरील वन्यजीवांच्या संवर्धनाचा व त्यावरील पर्यटनाच्या उत्पन्नाचा हक्क दिला. तेव्हापासून तेथील अनेक गावांना जनावर मेलेल्यापेक्षा जिवंत अधिक मोलाचे वाटू लागले.

जुन्नर-आंबेगावात सिंह-हत्ती नाहीत आणि ताडोबाप्रमाणे जिप्सींची रांगही नाही. पण विविधतेच्या दृष्टीने हा चिमुकला प्रदेश कमी नाही. पश्चिमेच्या कड्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व सदाहरित वन उभे राहते. मध्ये कुकडी, घोड आणि मीना या नद्यांची खोरी व धरणांचे जलाशय. पूर्वेस मूळची कोरडी, आता कालव्यांनी हिरवी झालेली ऊस, द्राक्षे आणि टोमॅटोची शेती. एसटीच्या दोन-तीन तासांच्या प्रवासात तीन वेगळे मुलूख डोळ्यांखालून जातात.

एसटीचा आधार

अल्पखर्चाच्या प्रवासात सर्वांत मोठा वाटा वाहनाचा असतो. चार माणसांनी भाड्याची मोटार तीन दिवस ठेवली तर मुक्काम आणि जेवण मिळून होणाऱ्या खर्चापेक्षा मोटारीचाच खर्च जास्त होतो. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्या पुण्याहून मंचर, नारायणगाव व जुन्नर येथे वरचेवर जातात. भीमाशंकरलाही थेट गाडी आहे. मंचरला उतरून घोडेगावमार्गे जाणाऱ्या गाडीने भीमाशंकर गाठता येते. नारायणगाव येथे एसटीचे आगार आहे आणि जुन्नरच्या बसस्थानकावरून पश्चिमेच्या खेड्यांकडे मुक्कामी गाड्या सुटतात. या मुक्कामी गाड्या प्रवाशाने विशेष ध्यानात ठेवाव्यात. संध्याकाळी गावाकडे जाऊन सकाळी परत येणारी गाडी म्हणजे कमी खर्चाच्या सफरीचे आयते वेळापत्रकच होय.

सवलतींचा विचारही आधी करावा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत सुरू झाली. मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवासाची सवलत मिळाली. १९८८ पासून चालत आलेली ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार व सात दिवसांच्या पासची योजना अनेकांना ठाऊक नसते. एकट्या-दुकट्याने जिल्हा हिंडणाऱ्यास ती सोयीची पडते; एकाच तालुक्यात फिरणाऱ्यास मात्र सुटी तिकिटेच स्वस्त पडतात, हे हिशेब करून पाहावे.

शाळांसाठी ‘प्रासंगिक करार’ म्हणजे सबंध गाडी ठरवून घेण्याची सोय आहे व शैक्षणिक सहलींना भाड्यात सवलत मिळते. मुख्याध्यापकांनी शिक्षण विभागाची परवानगी घेऊन आगार व्यवस्थापकांकडे वेळीच अर्ज करावा. डिसेंबर-जानेवारीत सर्वच शाळा एकदम मागणी करतात व गाड्या मिळत नाहीत. या गाडीची आकारणी किलोमीटरवर होते आणि प्रत्येक दिवसाला काही किमान आकारणी असते. त्यामुळे गाडी तीन दिवस एका जागी उभी ठेवणे महागात जाते. पहिल्या दिवशी सोडून जाणारी आणि तिसऱ्या दिवशी घेऊन येणारी गाडी, व मधल्या फिरण्यासाठी नेहमीच्या फेऱ्या, अशी वाटणी केल्यास पालकांवरील बोजा बराच हलका होतो.

मार्ग ठरवितानाही अशीच एक चूक वारंवार होते. भीमाशंकर झाल्यावर प्रवासी पुन्हा मंचरला, महामार्गावर, परत येतात आणि तेथून जुन्नरकडे निघतात. वास्तविक घोडेगावहून जुन्नरला सरळ रस्ता आहे. पहिला मुक्काम आंबेगावच्या पश्चिम भागात, दुसरा जुन्नरात आणि परतीचा प्रवास नारायणगावहून, असा फेरा घेतला तर एकही मैल दुसऱ्यांदा तुडवावा लागत नाही.

शेकरूचे जंगल

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे व रायगड या जिल्ह्यांत पसरले आहे. ज्योतिर्लिंगाचे मंदिर खेड तालुक्याच्या हद्दीत येते, पण अभयारण्याचा मोठा भाग आणि तेथे जाण्याचा मुख्य मार्ग आंबेगाव तालुक्यातला आहे. या अभयारण्याची निर्मिती प्रामुख्याने शेकरूसाठी झाली. शेकरू म्हणजे मोठी खार. तीच महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

शेकरू पाहण्यासाठी मोटार लागत नाही. किंबहुना मोटारीतून ते दिसतच नाही. हा प्राणी दिवसा वावरतो, सकाळी व दुपार कलल्यावर अधिक हालचाल करतो, आणि क्वचितच जमिनीवर उतरतो. झाडाच्या शेंड्यावरून शेजारच्या झाडावर झेप घेत तो फळे, फुले, कोवळी साल खात फिरतो. काटक्या आणि पाने रचून केलेले त्याचे गोलाकार घरटे उंच फांदीवर असते, आणि एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात. त्याला झाडांचे एकमेकांत गुंतलेले छत लागते. रस्ता रुंद केला किंवा वाहनतळासाठी मोठी झाडे तोडली की छतात खिंडार पडते आणि शेकरूची वाट तुटते. अभयारण्यातील रस्त्याच्या प्रत्येक मागणीवर विचार करताना पंचायत सदस्यांनी हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

पहाटे साडेसहाच्या सुमारास गुप्त भीमाशंकर किंवा नागफणीच्या वाटेने, मंदिराची गजबज मागे टाकून, दहा-बारा जणांनी निमूटपणे अर्धा तास चालावे आणि मग वीस मिनिटे एका जागी बसावे. प्रथम शीळकरी कस्तुराची माणसाच्या शिटीसारखी लांबलेली शीळ ऐकू येते. त्यानंतर वरची पाने हलतात. चाळीस मुलांचा घोळका एकदम नेल्यास यांतले काहीच घडत नाही. म्हणून शिक्षकांनी मुलांचे गट पाडून, एका गटाला जंगलात आणि दुसऱ्याला गावात हिरड्याच्या झाडांची, भातखाचरांची माहिती घेण्यास पाठवावे व मग पालट करावा. यासाठी वेगळा पैसा लागत नाही. लागतो तो आधी केलेला विचार.

अभयारण्यात प्रवेशासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवानगी लागते. वनविभागाकडे आधीच चौकशी केली तर सोबत वनरक्षक किंवा स्थानिक वाटाड्या मिळण्याची सोय होते, आणि कोणत्या वाटा खुल्या आहेत हेही कळते.

येथील वाटाड्या बहुधा महादेव कोळी समाजाचा असतो. त्याला झाडे त्यांच्या उपयोगावरून ठाऊक असतात. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करणे हा या भागातील आदिवासी कुटुंबांच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा भाग आहे. कोवळी फळे झोडून, वाळवून विकण्याच्या त्या दिवसांत घरातले सर्वच जण रानात असतात. अशा वेळी त्यांच्या दारी पाहुण्यांची गर्दी नेणे उभयपक्षी त्रासाचे होते. कारवीचे फूल सात वर्षांच्या सुमारास एकदा येते, आहुप्यासारख्या गावाची देवराई पिढ्यान्‌पिढ्या कोणी तोडलेली नाही, या गोष्टी पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या माणसाच्या तोंडून ऐकाव्यात.

पावसाळ्याचे दिवस आणि माळीण

बहुसंख्य शहरी प्रवाशांना जुलै-ऑगस्ट हाच येथे येण्याचा काळ वाटतो. धबधबे वाहत असतात, माळशेज आणि नाणेघाट धुक्यात बुडालेले असतात. पण याच काळात रस्त्यांवर दरडी कोसळतात, वाटा निसरड्या होतात आणि शेतकरी भातलावणीत गुंतलेला असतो. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर घसरला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही ही वार्ता बाहेर पोहोचली ती त्या रस्त्याने जाणाऱ्या एसटीच्या चालकामुळे. पुढे जवळच आमडे येथे नवे गावठाण वसविण्यात आले व २०१७ मध्ये कुटुंबांना तेथे घरे मिळाली. त्या बाजूने जाणाऱ्या सहलीने माळीणच्या स्मृतिस्थळी थांबावे, मात्र आमड्याच्या घरांपुढे छायाचित्रांसाठी गर्दी करू नये.

अलीकडच्या वर्षांत वनविभाग पावसाळ्यात धबधब्यांकडे व घाटाकडे जाणाऱ्या काही वाटा प्रवाशांना बंद करतो. हे निर्बंध अडवणूक नव्हेत. मुलांची सहल तर या दोन महिन्यांत पश्चिम भागात नेऊच नये. दसऱ्यापासून फेब्रुवारीअखेर हा काळ सर्वांत उत्तम. तेव्हा वाटा कोरड्या असतात, भात कापणीला आलेला किंवा खळ्यावर असतो आणि जलाशयांवर स्थलांतरित पाणपक्षी उतरलेले असतात. मेअखेरीस वळवाच्या सरींनंतर काजवे चमकू लागतात. ते पाहायचे तर मोटारीचे दिवे, विजेऱ्या आणि भ्रमणध्वनीचा प्रकाश बंद ठेवावा लागतो, कारण काजव्यांच्या जोड्या जमतात त्या त्यांच्याच प्रकाशाच्या खुणेवर. प्रवाशाच्या दिव्याखाली ती खूण पुसली जाते.

बिबट्या आणि ऊस

जुन्नरचे नाव वन्यजीवांच्या संदर्भात देशभर पोहोचले ते बिबट्यामुळे. त्याचे कारण जंगलात नसून पाटबंधाऱ्यात आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पातील धरणांच्या कालव्यांनी दोन्ही तालुक्यांचा पूर्व भाग ओलिताखाली आला आणि उसाचे क्षेत्र वाढले. ऊस उंच, दाट, थंड आणि वर्षभर उभा असतो. जवळ पाणी असते. वस्तीभोवती कुत्री, शेळ्या, डुकरे असतात. बिबट्याला आणखी काय हवे? मादी उसातच पिले घालते, आणि ती पिले तेथेच वाढतात. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जंगल जवळजवळ नसलेल्या शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले, आणि त्यांच्या खाद्यात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा निघाला.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ल्यांनी हाहाकार उडाला. त्यावर उपाय म्हणून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा अभ्यास केला तेव्हा उलटाच निष्कर्ष निघाला. त्यापूर्वी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. स्थलांतर सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. पकडलेला, गोंधळलेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला की तो माणसाला अधिक धोकादायक होतो, असे यातून दिसले. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत लहान मुले व वृद्ध यांचे बळी गेले आणि संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले.

अशा मुलखात ‘बिबट्या दाखवितो’ असे सांगून रात्री उसाच्या बांधावरून मोटारी फिरविणे किती अविचाराचे आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. प्रखर झोताने बिचकलेला बिबट्या पळतो तो वस्तीच्या दिशेने, आणि मोटार निघून गेल्यावर त्या वस्तीवर राहणारे कुटुंब मागे उरते. ऊसतोडणीच्या हंगामात तर अधिकच काळजी हवी. फडात पिले सापडली की वनविभागाचे कर्मचारी ती त्याच जागी ठेवून आईने रात्री घेऊन जावे अशी व्यवस्था करतात. तेथे बघ्यांची गर्दी झाली तर मादी येत नाही, आणि पिलांना मुकलेली मादी त्या शिवारात घुटमळत राहते. पिलांसोबत छायाचित्र काढण्याची हौस अशी सगळ्या गावाला महागात पडते.

जुन्नरजवळ माणिकडोह येथे वनविभागाचे बिबट निवारा केंद्र आहे. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेच्या साहाय्याने ते चालते. जखमी, अपंग, अनाथ किंवा माणसांवर हल्ल्याच्या संशयावरून पकडलेले बिबटे तेथे ठेवले जातात. हे प्राणिसंग्रहालय नव्हे. पर्यटनाच्या जाहिरातीत त्याचे नाव घालणाऱ्यांनी हा फरक ओळखावा. शाळांना बिबट्याविषयी माहिती हवी असल्यास वनाधिकाऱ्यांना शाळेत बोलावून व्याख्यान ठेवणे अधिक उपयोगाचे. ऊसपट्ट्यातील मुलांना तर त्याची निकडीची गरज आहे. अंधारात एकट्याने न जाणे, वाकून किंवा बसून काम करताना सोबत असणे, घराभोवती उजेड ठेवणे, रात्री शेळ्या बंदिस्त गोठ्यात बांधणे, या गोष्टी तेथे कळतात.

जुन्नर तालुक्यात आंबेगव्हाण परिसरात बिबट सफारी उभारण्याचा प्रस्ताव गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. कुंपणाच्या आत ठेवलेले बिबटे सुरक्षित वाहनातून पाहण्याचा हा प्रकार असून त्याला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. अशा सफारीमुळे लोक येतील, काहींना रोजगार मिळेल, यात शंका नाही. पण त्यामुळे शिवारातील बिबट्यांचा प्रश्न मिटेल अशी समजूत कोणी करून घेऊ नये. कुंपणात मोजकेच प्राणी मावतात. परिसरातील ग्रामपंचायतींनी आतापासूनच काही प्रश्न लेखी विचारावेत. पाणी कोठून येणार, उपाहारगृहांच्या उष्ट्याची विल्हेवाट कशी लागणार, किती जागांवर स्थानिकांना घेणार? यांतील उष्ट्याचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नाही. उष्टे टाकले की भटकी कुत्री वाढतात, आणि कुत्री वाढली की त्यांच्यामागे बिबट्या वस्तीत येतो. हे सूत्र सफारीपुरतेच नव्हे, तर प्रत्येक धाब्याला, कृषी पर्यटन केंद्राला व सहलीच्या पंगतीलाही लागू आहे.

जुन्नरातील एक दिवस

जुन्नर शहरात मुक्काम केला तर एका दिवसात शिवनेरी आणि लेण्याद्री सहज होतात. शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्या तारखेच्या मागेपुढे गडावर मोठी गर्दी असते, म्हणून शाळांनी ते दिवस सोडून यावे. लेण्याद्रीच्या सुमारे तीस बौद्ध लेण्यांपैकी एकात गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे. येथे पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागते, मात्र १५ वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. अष्टविनायकांतील दुसरे स्थान ओझर, येडगाव जलाशयाच्या काठी आहे. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत, आणि तुळजा लेणी किंवा मानमोडीच्या डोंगराकडे बहुतेक प्रवासी फिरकतही नाहीत. शांतपणे पाहू इच्छिणाऱ्याला हाच लाभ समजावा.

नाणेघाटासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. सातवाहनकाळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून येणारा माल या घाटाने जुन्नरला चढत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांची मोजदाद अंकांत कोरलेली आहे. भारतातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत तिची गणना होते. गणिताच्या शिक्षकाने मुलांना येथे अवश्य आणावे. वाटेवर दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, असे परंपरेने सांगतात. म्हणजे वाटसरूने या डोंगरात काही देऊन पुढे जावे, हा रिवाज फार जुना आहे.

पैसा गावात कसा राहील

मुक्कामासाठी गावातील घरे हा सर्वांत स्वस्त आणि गावाला सर्वांत फायद्याचा मार्ग होय. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना व २०२० मध्ये जाहीर झालेले राज्याचे कृषी पर्यटन धोरण यांखाली नोंदणी करता येते. भाकरी, पिठले, रानभाजी किंवा या भागाची खासियत असलेली मासवडी, असे जेवण शहरी पाहुण्याला हॉटेलातील पदार्थांपेक्षा अधिक रुचते आणि घरधनिणीला त्याचे साहित्य बाहेरून आणावे लागत नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातील पुरुषवाडी या आदिवासी गावात पाहुण्यांना घराघरांत उतरवून घेण्याची पद्धत अनेक वर्षे चालू आहे. आंबेगाव-जुन्नरच्या पंचायत सदस्यांनी एक दिवस तेथे जाऊन पाळी कशी लावतात ते पाहून यावे. पाळी नसेल तर रस्त्यालगतच्या दोन घरांनाच सारे पाहुणे मिळतात, आणि वर्षभरात गावात तट पडतात.

या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत व वनहक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक वनहक्काची तरतूद आहे. ग्रामपंचायत अधिनियमात यात्रेकरूंवर कर बसविण्याचीही सोय आहे. हे अधिकार कागदावर ठेवून उपयोग नाही. वाटाड्याचा दर, वाहनतळाचे शुल्क, तंबू ठोकण्याच्या जागा आणि एका दिवशी किती जणांना गावात घ्यायचे, हे ग्रामसभेने ठरवावे व जमा-खर्च दर तिमाहीस वाचून दाखवावा. दर माणशी न ठेवता गटामागे ठेवला तर लहान कुटुंबाला तो जड जातो आणि मोठ्या गटाला फुकटासारखा पडतो. माणशी ठेवला तर शाळेला परवडत नाही. म्हणून दहा जणांपर्यंत एक वाटाड्या, त्याचा एक ठरलेला दर, आणि शाळांसाठी त्यात सूट, अशी रचना बहुतेकांना मान्य होईल.

ऊसपट्ट्यात घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांनी शौचालय घराला लागून ठेवावे, अंगणात दिवा असावा, अंधार पडल्यावर पाहुण्यांना बांधावर फिरू देऊ नये. बिबट्या दिसल्यास किंवा पिले आढळल्यास वनविभागाचा १९२६ हा क्रमांक पाहुण्यांच्या खोलीत लिहून ठेवावा.

दिवाळीच्या सुटीपूर्वी प्रत्येक गावाने एसटीच्या थांब्यावर एक फलक लावावा. त्यावर वाटाड्यांचे ठरलेले दर, मुक्कामाची सोय असलेल्या घरांची संख्या, बंद असलेल्या वाटांची नावे, कचरा परत नेण्याची सूचना आणि गाड्यांच्या वेळा असाव्यात. परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते हे सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहावे. ती चुकलेला प्रवासी अंधारात खासगी जीपच्या शोधात रस्त्याने चालू लागतो, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असतो.